मदत हवी आहे: ट्रेलरवर नेता येणारी केबिन बोट, दोनपैकी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, दोन केबिन क्रूझरमध्ये अडकलोय. दोन्ही २३ फुटी, झोपायची सोय सारखीच. पहिलीला आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं) इंजिन, तळाचा व्ही, म्हणजे बाजूंचा उतार, २० अंशांचा. लाटांवर कमी आपटते, पण नांगर टाकल्यावर जास्त डुलते. दुसरीला इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन, तळाचा उतार १४ अंशांचा, म्हणजे जास्त सपाट, उभी असताना स्थिर.

खरा घोर वजनाचा आहे. माहितीपत्रकात बहुधा रिकाम्या बोटीचं वजन असतं. ३०० लिटर पेट्रोलचेच सव्वादोनशे किलो होतात, वर पाणी, सामान, ट्रेलर! माझी गाडी ३,५०० किलो ओढते.

आम्ही दोघंच, बहुतेक तलावात, कधीतरी खाडीत. मन दुसऱ्या बोटीकडे ओढ घेतंय, पण तिच्या इंजिनाशेजारी हात घालायलाही जागा नाही. अशी बोट दोघांनीच पाण्यात उतरवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.