स्टेज सरकारी, वीज सरकारी
‘पंतप्रधानाला कोण जाब विचारणार’ असं लोक म्हणतात, ते काय पटलं नाय बुवा. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने तेव्हाच्या पंतप्रधान इंदिराबाई गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली ती कशावरून, तर प्रचाराला सरकारी अधिकारी वापरला आणि सभेचं स्टेज, लाऊडस्पीकरची वीज सरकारी माणसांकडून करून घेतली, आता आमच्या रत्नागिरीकडे झेडपीच्या प्रचारातही एवढ्यावर कोणी भुवई उचलत नाही! मग आणीबाणी, वर घटनादुरुस्ती करून पंतप्रधानाची निवडणूक कोर्टाबाहेर ठेवायचा घाट, ते कलम सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबरात उडवलं (निवड मात्र वाचली, कायदाच मागच्या तारखेने बदललेला ना). खरा हिशेब ७७ ला मतपेटीत झाला, रायबरेलीत बाई पडल्या आणि आपल्या राजापुरातनं तुरुंगात राहून आलेले मधू दंडवते दिल्लीला गेले. आणीबाणीतल्या अतिरेकाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचं विचारू नका, १९८० ला बाई परत खुर्चीत.