सहा तुकड्यांचा ब्लँक घ्याच, पण सांधे तपासून

फ्लाय फिशिंगचा (कृत्रिम माशीने मासे पकडायचा) रॉड स्वतः बांधायला चार तुकड्यांचा ब्लँक, म्हणजे कड्या-मूठ नसलेली नुसती काठी, घ्यावा की सहा तुकड्यांचा, हा प्रश्न आलाय, आणि जास्त सांधे म्हणजे रॉड मेलेला, म्हणजे त्याची लवचीकता गेलेली, असंही एकाने म्हटलंय. पूर्वीच्या ब्लँकबाबत ते खरं होतं. आता चांगल्या कार्बनच्या ब्लँकमध्ये हातात फरक फारच थोडा जाणवतो.

तुम्हाला पुण्याच्या लोहगावहून विमानाने जायचंय, हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ट्राउट माशांसाठी. 9 फुटी रॉडचे चार तुकडे केले तर एकेक साधारण 72 सेंमी भरतो. केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी 55 सेंमी. सहा तुकडे 50च्या आत बसतात. माझं मत सरळ सहाला, 5 वेटचा (5 नंबरच्या वजनाच्या लाइनसाठीचा), मध्यम-जलद ॲक्शनचा, म्हणजे वाकून बऱ्यापैकी झटकन सरळ होणारा.

घेताना प्रत्येक सांधा जोडून बघा. आतला तुकडा पूर्ण आत जाऊन टेकायला नको. काही मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे, कारण सांधा झिजतो तसा तो आत सरकतो. मग रॉड हलकेच हलवा. टकटक जाणवली तर तो ब्लँक परत करा, अगदी स्वस्तात मिळत असला तरी.

गाइडचं, म्हणजे लाइन ओवायच्या कड्यांचं, छापील अंतर सहा तुकड्यांत बऱ्याचदा नेमकं सांध्यावर येतं. आधी चिकटपट्टीने गाइड लावा, लाइन ओवून रॉड वाकवा, मग गाइड हवे तिथे सरकवा. सांध्यात बाहेरून बसणाऱ्या तुकड्याच्या तोंडावर दोऱ्याचा घट्ट वेढा हवाच, नाहीतर तिथेच चीर जाते.

आणि या दोऱ्यांवर द्यायचा इपॉक्सीचा लेप जुलैत लावू नका हो! आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर दुधट साय धरते.