खालच्या प्रावरणाची श्यानता: विसरणांक कुणाचा घ्यायचा?

दगडफोड्या: ६६० किमीखालच्या प्रावरणाची श्यानता डिफ्यूजन क्रीपच्या (अणू हळूहळू सरकून घन खडक वाहण्याच्या) सूत्रातून काढतोय. ब्रिजमनाइट (तिथलं मुख्य खनिज, मॅग्नेशियम सिलिकेट), २००० केल्विन, कण (स्फटिकाचा दाणा) १ मिमी. ऑक्सिजनचा विसरणांक (अणू किती वेगाने पसरतात तो आकडा) घातला की उत्तर फारच कमी येतं. अपेक्षित आहे १०²¹ ते १०²² पास्कल-सेकंद. चुकतंय कुठे?

स्फटिकराव: ऑक्सिजन घेतलात तिथेच. कणाचा आकार बदलायचा तर सगळे अणू रासायनिक सूत्राच्या प्रमाणातच हलायला हवेत. ऑक्सिजन कितीही पळाला तरी सिलिकॉन आणि मॅग्नेशियमसाठी त्याला थांबावंच लागतं, आणि ब्रिजमनाइटमध्ये हे दोघेही सारखेच रेंगाळणारे.

नमुन्यादाखल त्यांचा विसरणांक १०⁻¹⁹ चौमी प्रतिसेकंद धरा. बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान २.७६×१०⁻²⁰ ज्यूल. त्याला कणव्यासाच्या वर्गाने, १०⁻⁶ चौमीने, गुणा. मग १३.३, विसरणांक आणि सूत्र-एककाचं आकारमान (४×१०⁻²⁹ घनमी) यांच्या गुणाकाराने भागा. सुमारे ५×१०²⁰ येतं. कण १ सेमीचा केलात तर थेट ५×१०²². कणसीमेवरून विसरण होत असेल तर वर्गाऐवजी घन, म्हणजे दहापट मोठ्या कणाला शंभरऐवजी हजारपट. खाली कण केवढे आहेत हे कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे खरी अनिश्चितता तिथेच आहे. आणि जुन्या तक्त्यांत विसरणांक चौसेंमीत असतो. ते विसरलात तर दहा हजारपटीची चूक.

ऐरण: विसरणांक कसा मोजलाय तेही बघा. मल्टी-अ‍ॅनव्हिल प्रेसमध्ये (अनेक ऐरणींनी प्रचंड दाब देणाऱ्या यंत्रात) सिलिकॉन-२९ ने समृद्ध केलेला पातळ थर स्फटिकावर चढवून तापवतात. वरच्या आकड्याने २४ तासांत समस्थानिक जेमतेम ९० नॅनोमीटर आत शिरतो. पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा मोजण्यासाठी आयनांचा मारा करून पृष्ठभाग खरवडताना थर एकमेकांत मिसळले, तर आलेख उगाच पसरट दिसतो आणि विसरणांक फुगतो. म्हणून इच्छित तापमानाला नेऊन लगेच थंड केलेला 'शून्य-वेळ' नमुना हवाच. तो नसेल तर तो आकडा मी तरी वापरणार नाही.

दगडफोड्या: फेरोपेरिक्लेजमध्ये (तिथल्या दुसऱ्या खनिजात, मॅग्नेशियम-लोहाच्या ऑक्साइडमध्ये) मॅग्नेशियम बरंच जलद सरकतं ना? मग त्यानेच खडक मऊ होणार नाही का?

स्फटिकराव: फेरोपेरिक्लेज खडकाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. सुटे दाणे असतील तर भार ब्रिजमनाइटच्या सांगाड्यावरच. मोठ्या विरूपणात ते ताणून एकमेकांना जोडले गेले, तर मात्र श्यानता चांगलीच उतरते.

ऐरण: एक पुरवणी. खालच्या प्रावरणाच्या बहुतेक भागात भूकंपलहरींची दिशाभिन्नता (दिशेनुसार वेग बदलणं) जवळपास दिसत नाही, म्हणून डिफ्यूजन क्रीपच असं ठोकून देऊ नका. विस्थापनं (स्फटिकातल्या रेषीय त्रुटी) आपल्या सरकण्याच्या प्रतलाबाहेर नुसती चढत राहिली तरी स्फटिक फारसे एका दिशेला वळत नाहीत. तिथेही वेग विसरणच ठरवतं, पण श्यानता कणाच्या आकारावर नाही, ताणावर (प्रतिबलावर) अवलंबून असते. तुमचं वर्ग-घनाचं गणित तिथे लागू नाही.