फोनचं कुलूप तुम्ही कधी आणि कशासाठी फोडलंत?

कोथरूडकर (धागाकर्ता)

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात आयफोन ३जीएस सापडला. बायको म्हणाली, "हाच ना तो, आपल्याला कुंभार्ली घाटात फिरवणारा?" हाच तो.

२०१० च्या दिवाळीत भावानं अमेरिकेहून आणला होता. पण फोन तिकडच्या एका कंपनीच्या सिमला बांधलेला. इकडचं सिम घातलं की ढिम्म. अल्ट्रास्नो नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे कुलूप काढायचं, मीही त्याच भरवशावर होतो. पण भावानं निघायच्या आदल्या रात्री प्रेमानं फोन अपडेट केला. "तुला एकदम ताजा करून आणलाय." त्या अपडेटबरोबर बेसबँडही वर सरकलं. बेसबँड म्हणजे फोनमधल्या मोडेमचं वेगळं सॉफ्टवेअर, सिमचं कुलूप तिथंच असतं. अल्ट्रास्नोची मजल ०५.१३ पर्यंत, माझं झालं होतं ०५.१४. बेसबँड खाली उतरवायची तेव्हा सोय नव्हती. महिनाभर पंचवीस-तीस हजारांचा फोन गाणी ऐकायला वापरला.

नोव्हेंबरच्या शेवटी आयफोन देव-टीम या हॅकर मंडळींनी तोडगा काढला, तोही अचाट: आयपॅडचं ०६.१५ हे बेसबँड आयफोनवर चढवायचं. नंबरानं वरचं, पण त्यात अल्ट्रास्नोला हवी ती भेग शाबूत. रेडस्नो या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकोन होता. त्यावर टिचकी मारली की लांबलचक ताकीद यायची: परतीचा रस्ता नाही, वॉरंटी विसरा. मी "हो" दाबलं. पाच मिनिटांत पट्टीवर माझ्या सिमचं नाव आलं. घरभर ओरडत फिरलो.

जानेवारीत गुहागरला निघालो तेव्हा कळलं की या उद्योगात जीपीएस गेलंय. नकाशा उघडला की टॉवरच्या अंदाजानं एक निळं वर्तुळ यायचं आणि आम्ही त्या वर्तुळात "कुठेतरी" असायचो. पाटण सोडल्यावर वर्तुळ एवढं मोठं झालं की कोयनेचं धरण आणि चिपळूण दोन्ही त्याच्या पोटात. शेवटी टपरीवर विचारलं. "सरळ जावा, आन् मग इचारा."

जीपीएस परत आलं जून २०१२ मध्ये. रेडस्नोच्या नव्या आवृत्तीनं ०६.१५ वरून ०५.१३.०४ वर उतरायची वाट दिली. दीड वर्षानं निळा ठिपका माझ्याच इमारतीवर येऊन बसला, तेव्हा तो नुसता बघत बसलो होतो.

तर आता तुम्ही सांगा. जेलब्रेक (आयफोनवरची ॲपलची बंधनं काढणं), रूट (अँड्रॉइडचा पूर्ण ताबा घेणं), अनलॉक (सिमचं कुलूप काढणं), जुन्या आवृत्तीवर परत जाणं, काहीही. फसलेलं आधी सांगा, ते जास्त कामाचं असतं. एकच विनंती: आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलायच्या युक्त्या इथे नकोत. तो गुन्हा आहे, आणि चोरीच्या फोनांचा बाजार त्याच्यावरच चालतो.

खटपट्या, ठाणे

वा, कोथरूडकर! तुमचं वर्तुळ, तर माझं ११२.

आयफोन ४, साल २०११. माझ्या बेसबँडला सॉफ्टवेअरचा इलाज नव्हता, म्हणून 'गेव्ही' घेतली. सिमच्या खाली बसणारी कागदासारखी पातळ चकती, तिच्यावर एक बारीक चिप. मुंबईच्या हीरा पन्ना बाजारातल्या माणसानं ती देताना विधी सांगितला: फोन चालू कर, ११२ लाव, दोन-तीन सेकंदांत काप, एअरप्लेन मोड चालू-बंद कर, मग नेटवर्क येईल. फोन बंद पडून चालू झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

त्याआधी सिम मायक्रो आकारात कापायचं होतं. दुकानदार पन्नास रुपयांत यंत्रानं कापून देत होता, मी शहाणा, घरी कात्रीनं कापलं. एक कडा जाड राहिली, ती नखं घासायच्या कानशीनं घासली. नेटवर्क आलं एकदाचं.

पण तो ११२! आणीबाणीचा नंबर. कापायला उशीर झाला आणि पलीकडून कुणी उचलला तर काय सांगायचं? एकदा लोकलमध्ये मुलुंड-नाहूरच्या दरम्यान फोन बंद पडला. चालू करून ११२ लावला. शेजारच्या काकांनी स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि बॅग उचलून दाराकडे सरकले.

मध्यरात्रवाचक

माझा फोन साधा अँड्रॉइड २.२ चा होता आणि मला हॅकिंगची काडीचीही हौस नव्हती. मला मराठी वाचायचं होतं, इतकंच.

नव्या पिढीला खरं वाटणार नाही, पण त्या काळच्या कितीतरी अँड्रॉइड फोनांवर देवनागरी दिसायचीच नाही. मराठी बातमी उघडली की चौकोन, चौकोन, चौकोन. लेक तीन महिन्यांची, रात्री-रात्री जागी. मांडीवर ती, हातात फोन, आणि वाचायला चौकोन. पहिला उपाय तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या पट्टीत ऑपेरा, विसर्गचिन्ह, कॉन्फिग असं टाकायचं आणि तळाशी जाऊन 'बिटमॅप फॉन्ट' ला होकार द्यायचा. मग सर्व्हरवरून अक्षरांची चित्रंच यायची. अक्षरं अगदी सुबक, पण फक्त त्या एका ब्राउझरमध्ये. नवऱ्याचा एसएमएस मराठीत आला की पुन्हा चौकोन.

मग धाकट्या दिरानं झेडफोररूट टाकून फोन रूट करून दिला. त्यानं शिकवलं आणि पुढचं मी स्वतः केलं: सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरात देवनागरी असलेली फाइल जुन्या फाइलच्याच नावानं ठेवायची, परवानग्या होत्या तशाच लावायच्या, रीस्टार्ट. पहिल्या खेपेला परवानग्या लावायला विसरले. फोन चालू व्हायचा, लोगो यायचा, जायचा, यायचा, जायचा. पहाटे चार वाजता दिराचं दार वाजवलं. बिचारा काही न बोलता उठला.

दुसऱ्या खेपेला अक्षरं आली! पण कशी? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर यायची, आणि जोडाक्षरं पाय मोडून शेजारीशेजारी बसलेली. फॉन्ट मिळाला तरी अक्षरं जुळवणारं इंजिन फोनमध्ये नव्हतंच, ते पुढच्या आवृत्त्यांत आलं. आठवड्याभरात डोळ्यांना सवय झाली. लंगड्या वेलांट्यांमध्ये मी दिवाळी अंकांतल्या कथा वाचल्यात. पुढे नव्या फोनवर सरळ मराठी दिसायला लागलं तेव्हा पहिले दोन दिवस उलट तेच विचित्र वाटत होतं.

जर्सीकर

मी २९ जून २००७ ला रांगेत उभा होतो. ४ जीबी ४९९ डॉलर, ८ जीबी ५९९, वर दोन वर्षांचा करार. ऑगस्टमध्ये बातमी आली की जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं कुलूप फोडलं, तेही आमच्याच राज्यात, न्यू जर्सीतल्या ग्लेन रॉकला. फोन उघडून, सोल्डरिंगचा डाग देऊन. असा एक फोन देऊन त्यानं बदल्यात निसान ३५०झेड गाडी आणि तीन नवे आयफोन घेतले. आमच्या मंडळाच्या गणपतीत तोच विषय. ज्यांची मुलं त्या वयाची होती ते आईबाप मुलांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते.

इथला कायदा मात्र बघण्यासारखा. जुलै २०१० मध्ये जेलब्रेकला सूट मिळाली. जानेवारी २०१३ मध्ये अनलॉकची सूट संपली, म्हणजे नवा घेतलेला फोन कंपनीला न विचारता दुसऱ्या नेटवर्कसाठी मोकळा करणं बेकायदा. लाखावर लोकांनी व्हाइट हाउसच्या साइटवर सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. मधल्या काळात दर सुट्टीला माझ्या बॅगेत नातेवाइकांसाठी फोन असायचे आणि येताना बाकरवडी. कोथरूडकर, तुमच्या भावासारखा शहाणपणा मीही एकदा केलाय. मेहुणा अजून ऐकवतो.

शेंडेनक्षत्र

आईचा आयफोन ४. सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि नाशिकला माझ्या भाच्यानं ते टाकून दिलं. आईचा फोन: "माझा फोन बदललाय कुणीतरी." तिला ते नवं सपाट रूप, बारीक अक्षरं पटेनात. तिला तिचा जुना फोन हवा होता, आणि तो तिच्या हातातच होता!

मागे जाणं सोपं नसतं, कारण फोनमध्ये आवृत्ती चढवताना ॲपलचा सर्व्हर त्या फोनच्या चिपच्या खास नंबरासकट सही देतो. नवी आवृत्ती आली की थोड्या दिवसांत जुनीवर सह्या बंद. तलाठ्यानं जुना दाखला द्यायचं थांबवल्यासारखं. पण मी टायनीअंब्रेला नावाचं सॉफ्टवेअर वापरून आईच्या फोनचा ६.१.३ चा दाखला आधीच काढून ठेवला होता, एसएचएसएच ब्लॉब म्हणतात त्याला. आणि आयफोन ४ च्या चिपमध्येच एक भेग होती, ऑक्टोबर २०१० पासून लाइमरेन हे जेलब्रेकचं सॉफ्टवेअर तीच वापरत होतं. चिपमध्ये कोरलेलं असल्यामुळे कुठल्याही अपडेटनं ती बुजणार नव्हती. त्या भेगेतून जुना दाखला पुढे केला, फोननं मानला. दोन तास लागले, त्यातला दीड तास केबल सैल आहे हे कळण्यात गेला.

आई त्यावर २०१६ पर्यंत पत्ते खेळली.

नाव नको

फसलेलं आधी सांगा म्हणालात म्हणून. फोन कुठल्या कंपनीचा ते सोडा, चूक सगळी माझी.

२०१८. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडायला कंपनीकडे अर्ज, मग ३६० तासांची वाट. पंधरा दिवस मी नव्या नवरदेवासारखा तारखा मोजल्या. उघडला, दोन-चार रॉम, म्हणजे फोनच्या वेगवेगळ्या सिस्टिम, टाकून पाहिल्या, मग वाटलं आधीचीच बरी होती. कंपनीची जुनी रॉम उतरवली आणि फ्लॅश केली. काळा पडदा. चार्जिंगचा दिवासुद्धा नाही. वीट.

नंतर वाचलं: 'अँटी-रोलबॅक'. फोनमध्ये एक आकडा असतो, नव्या आवृत्तीनं तो वाढतो आणि मग कधीच कमी होत नाही. त्याहून कमी आकड्याची रॉम टाकली की फोन सुरूच होत नाही. "फास्टबूट गेटव्हार अँटी" ही एक ओळ आधी टाइप केली असती तर आकडा समोर दिसला असता. एक ओळ!

सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, तो नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त. मग बुधवार पेठेतल्या एका पोऱ्यानं मागचं झाकण उघडलं, चिमट्यानं बोर्डावरचे दोन ठिपके जोडून धरले आणि दातांत केबल धरून मला म्हणाला, "माउस हलवा." कॉम्प्युटरवर ९००८ नावाचं पोर्ट उगवलं, म्हणजे मेलेला फोन त्याला दिसायला लागला. सातशे रुपये. चिमटा काढताना तो म्हणाला, "आज सकाळपासून तुम्ही तिसरे."

पाटणकर काका

माझ्या पुतण्याचा उपद्व्याप आहे, पण सांगतो. २०२० ला शाळा बंद, नातीचा वर्ग फोनवर. घरात फोन एकच, तो सूनबाईंच्या कामाचा. कपाटात एक गॅलेक्सी एस३ पडून होता. त्याला कंपनीचं शेवटचं अपडेट ४.३ चं, शाळेचं ॲप त्यावर चढेना. पुतण्यानं पुण्यातून व्हिडिओ कॉल करून माझ्या हातून लिनिएजओएस टाकून घेतलं, म्हणजे हौशी मंडळींनी बनवलेलं अँड्रॉइड, ७.१ वालं. तीन बटणं एकदम दाबायची होती, माझी बोटं संधिवाताची. शेवटी एक बटण नातीनं दाबलं. आधी ईएफएसचा, म्हणजे फोनची ओळख साठवलेल्या भागाचा, बॅकअप घ्या, नाहीतर आयएमईआय जातो, हे पुतण्या दहादा म्हणाला, म्हणून इथे लिहितो.

वर्षभर चालला. बॅटरी दोनदा बदलली.

खटपट्या, ठाणे

काका, नमस्कार घ्या. आम्ही अर्धे लोक एका पायरीत अडकायचो.

फक्त वाचक

रूट करणं मी सोडलं ते बँकेच्या ॲपमुळे. ॲप म्हणतं फोन सुरक्षित नाही. मॅजिस्क नावाच्या साधनानं रूट लपवायचं, महिन्यानं ॲपला पुन्हा कळायचं, पुन्हा लपवायचं. एकदा पेट्रोल पंपावर पैसे देताना कळलं. मागे आठ गाड्या, खिशात वीस रुपये. घरी येऊन मूळ रॉम टाकली.

कोथरूडकर (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं, 'नाव नको' यांचं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

मध्यरात्रवाचक, तुमच्यामुळे आठवलं, या ३जीएसवर मीही मराठी काहीतरी साठवलं होतं. म्हणून चार्जिंगला लावायला गेलो तर केबलच नाही, ती जुनी रुंद तीस पिनांची. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे पडून आहे का? एका संध्याकाळपुरती. चहा माझ्याकडे.