पुणे की हैदराबाद? वय ४६, शुक्रवारपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

पूर्वभागकर
नमस्कार. सरळ विचारतो. सोलापूर सोडायचं आहे. पुण्यात ३८ हजार मिळतायत, हैदराबादला ४५. काम दोन्हीकडे अकाउंट्सचंच. शुक्रवारपर्यंत दोघांनाही हो-नाही सांगायचंय. दोन्ही शहरं पाहिलेली आहेत, त्यामुळे 'आधी जाऊन बघा' असं सांगू नका. चाळिशीनंतर ज्यांनी गाव बदललंय त्यांनी प्लीज लवकर लिहा.

सातरस्ता
एवढ्यावर कोण काय सांगणार अण्णा? घरी कोण कोण आहे, मुलं कितवीला, घर स्वतःचं की भाड्याचं? आणि सोडायचं का आहे?

भिगवण_ते_हडपसर
पुणे. डोळे झाकून पुणे. मी ४१व्या वर्षी आलो. पहिलं वर्ष वाईट गेलं, खोटं सांगणार नाही. पण आज वाटतं की ३० व्या वर्षीच यायला हवं होतं. नळाला रोज पाणी येतं हो! सोलापुरात माझी बायको पाण्याच्या दिवशी माहेरचं लग्नसुद्धा टाळायची.

पूर्वभागकर
@सातरस्ता, घरी बायको, मुलगी आणि अम्मा. घर स्वतःचं, दोन खोल्या, खाली जुने दोन माग बंद पडून आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात २२ वर्षं हिशेब सांभाळतोय. मार्चअखेर कारखाना बंद होतोय. इथे दुसरीकडे विचारलं, २० च्या वर कोणी बोलत नाही. आता सांगा.

झहीराबाद_नाका
अम्मा म्हणताय म्हणजे घरात तेलुगू. मग प्रश्नच मिटला, हैदराबाद. ७ हजार जास्त आहेत, आणि अम्मांना शेजारणीशी, भाजीवालीशी, डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येईल. म्हातारपणी माणूस गप्प बसून संपतो, हे मी माझ्या वडिलांचं डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही त्यांना ठाण्याला नेलं होतं. दिवसभर बाल्कनीत बसायचे.

भवानीपेठेची_सून
सोलापूरची तेलुगू आणि तिकडची तेलुगू यात फरक आहे. माझ्या सासूबाई नणंदेकडे हैदराबादेत कुकटपल्लीला दोन महिने राहून आल्या. त्यांच्या बोलण्यात 'पण', 'म्हणजे', 'चालतंय' असले शब्द येतात, तिथल्या बायकांना ते कळायचेच नाहीत. इथे त्या तेलुगू आणि तिथे त्या महाराष्ट्रातल्या. म्हणून जाऊ नका असं म्हणत नाही. भाषेचा प्रश्न आपोआप सुटेल एवढंच धरून चालू नका.

जुना_मागवाला
दोन माग आहेत आणि नोकरी शोधताय? भंगारात देऊ नका. मी २००९ मध्ये नोकरी सोडून चार मागांवर टॉवेल सुरू केला. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, नावाला किंमत आहे. हिशेब तुम्हाला येतोच, विणकर शेजारी मिळतील. ४६ हे काही परक्याच्या दारात नव्याने उभं राहायचं वय नाही.

पूर्वभागकर
काका, तुमचा मान ठेवून सांगतो. २२ वर्षं सुताचे भाव आणि विजेची बिलं मीच लिहितोय. मोठा कारखाना का बंद होतोय ते मला आकड्यांत माहीत आहे. दोन मागांवर घर चालणार नाही. प्रश्न पुणे की हैदराबाद एवढाच आहे.

सातरस्ता
मुलगी कितवीला, ते अजून सांगितलं नाही.

पूर्वभागकर
दहावीला. हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. म्हणून तर माझा कल हैदराबादकडे आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली की सगळेच जायचं, अकरावी-बारावी तिथल्या इंटर कॉलेजात. तिथे तयारी चांगली करून घेतात असं ऐकलंय.

जुळे_सोलापूर_आई
दादा, थांबा. शुक्रवारी काहीही कळवण्याआधी हे नीट वाचा. माझी मुलगी यंदा 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देतेय, त्यामुळे हे सगळं आम्ही दोन वर्षं उकरून काढलंय.

महाराष्ट्रात राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसला जागा हवी असेल तर डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. तिकडे तेलंगणात स्थानिक धरायला बारावीपर्यंतची सलग ४ वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं. तुमची मुलगी दहावी इथे आणि बारावी तिथे करणार. म्हणजे ती इथली राहणार नाही आणि तिथलीही होणार नाही. सरकारी कॉलेजसाठी उरतो तो फक्त १५ टक्के अखिल भारतीय कोटा.

आणखी एक. तुम्ही पद्मशाली (आपल्याकडचा तेलुगू विणकर समाज) असाल तर इथल्या जातीच्या दाखल्यावर तेलंगणात राज्याचं आरक्षण मिळत नाही. समाज तोच, नाव तेच, तरीही नाही.

झहीराबाद_नाका
सगळ्यांनाच सरकारी कॉलेज मिळतं असं नाही. एका कोट्यासाठी ७ हजार सोडायचे का? वर्षाचे ८४ हजार होतात.

जुळे_सोलापूर_आई
खासगी मेडिकलची फी एकदा विचारून या, मग ८४ हजारांचं बोलू. रागाने नाही सांगत. माझ्या भावाने हीच चूक केली. बदली झाली म्हणून भाचीला अकरावीत कर्नाटकात नेलं. मार्क चांगले होते, तरी पोरगी घरी येऊन रडत होती.

कुर्डुवाडी_जंक्शन
पुण्याला नेलंत तरी विभागाचा कोटा बदलतो, तेही बघा. ७०:३० असतं, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना.

जुळे_सोलापूर_आई
तो ७०:३० चा नियम २०२० मध्येच रद्द झाला. आणि तो होता तेव्हाही सोलापूर आणि पुणे दोन्ही 'उर्वरित महाराष्ट्र' या एकाच विभागात होते. मुलीला पुण्याला न्या किंवा इथेच ठेवा, त्याने काही बिघडत नाही. फक्त बारावीपर्यंत राज्याची हद्द ओलांडू नका.

पूर्वभागकर
ताई, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी पोरीच्या शाळेत जाऊन सरांनाही विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. मी उद्या हैदराबादला होकार कळवणार होतो.

भिगवण_ते_हडपसर
मी पहिल्याच दिवशी पुणे म्हटलं होतं.

सातरस्ता
तुम्ही पाण्यासाठी म्हटलं होतं. ३८ हजारांत चौघं पुण्यात कशी राहणार, ते सांगा ना. भाडं, डिपॉझिट, मुलीचा क्लास. इथे घर स्वतःचं आहे. वहिनी काही काम करतात का?

पूर्वभागकर
करते. घरी मशीन आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवते. माल नेणं-आणणं ओळखीवर चालतं. पुण्याला गेलो तर ते बंद. अम्मा ७३ वर्षांची, आयुष्यभर बिडी वळली, आता दमा आहे. तिचा डॉक्टर गल्लीच्या टोकाला आहे, रात्री दार वाजवलं तरी उघडतो.

सातरस्ता
मग हे पहिल्या दिवशी लिहायला काय झालं होतं अण्णा? तुम्ही शहर निवडत होता, आणि घरातलं एकही माणूस जागचं हलायच्या स्थितीत नाही. दोन वर्षं एकट्याने पुण्याला जा. अंतर २५० किलोमीटर, हुतात्मा एक्सप्रेस चार-साडेचार तासांत आणते. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सोलापूर सोडते, संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून परत निघते. बारावी झाली की पुन्हा विचार करा.

कुर्डुवाडी_जंक्शन
वंदे भारत पण आहे की. फेब्रुवारी २०२३ पासून.

भवानीपेठेची_सून
दर आठवड्याला वंदे भारतचं तिकीट ३८ हजारांत कसं परवडणार? हुतात्माच बरी. आणि त्या गाडीचं नाव घेताना मला नेहमी बरं वाटतं, सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव आहे ते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेले. मुलं रोज त्या गाडीने जातात आणि चार नावं विचारली तर सांगता येत नाहीत.

झहीराबाद_नाका
विषय कुठे चाललाय? माझं म्हणणं अजून तेच आहे. घर एकत्र राहायला हवं. बाप आठवड्यातून एकदा दिसतो, ते बरोबर नाही. दहावी-बारावीच्या पोरीला बाप रोज जेवायला समोर लागतो.

पूर्वभागकर
तुमचं खरं आहे, ते मला रात्रभर टोचलं. पण पोरगीच म्हणाली, "नाना, तुम्ही जा, मी अभ्यास करते." तिला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. हैदराबादला जायचं म्हणून दोन महिने ती गुपचूप मुळाक्षरं गिरवत होती, हे मला काल कळलं.

पुण्याला हो कळवलं, हैदराबादला नाही. एप्रिलपासून रुजू. अम्माने एकच विचारलं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला येशील ना. म्हटलं, ती सुट्टी आधीच मागून ठेवतो.

आता मदत हवी आहे ती अशी : ऑफिस हडपसरला. एकट्या माणसाला कॉट बेसिसवर जागा कुठे बघू? जेवण शाकाहारी चालेल, खोलीत दोघांपेक्षा जास्त नकोत.

भिगवण_ते_हडपसर
गाडीतळाच्या मागच्या गल्ल्यांत बघा, मीही तिथूनच सुरुवात केली. जाहिरातीवर पैसे भरू नका, स्वतः जाऊन खोली बघा आणि आधी बाथरूम किती जणांत आहे ते विचारा. शनिवारी अर्धा दिवस असेल तर संध्याकाळची हुतात्मा मिळते, पण रिझर्वेशन काढून ठेवा. मार्चच्या शेवटी या, मी दोन-तीन जागा दाखवतो. येताना शेंगाचटणी आणा, बाकी काही नको.