सोसायटीचा दिवाळी अंक, पान ७ : कापलेला परिच्छेद (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

ईशा (ए-६०२) : नाना, अंकाची पीडीएफ बघितली. मुखपृष्ठ झकास. पण माझ्या लेखातला तिसरा परिच्छेद कुठे गेला?

नाना (ए-३०२) : जागेअभावी.

ईशा : पान ७ वर खाली अर्धं पान मोकळं आहे की. तिथे पणतीचं चित्र टाकलंय.

नाना : दिवाळी अंकात पणती नको तर काय नारळ टाकू? बरं, स्पष्टच सांगतो. तुला चित्रपट परीक्षण लिहायला सांगितलं होतं. ‘सैराट’ आणि त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ यांची तुलना, विषय उत्तम. अभिनय, संगीत, छायाचित्रण सगळं नीट आलंय. मधेच जात, बाईपण वगैरे कशाला? सणासुदीचा अंक आहे. परीक्षण करणाऱ्याने सिनेमा बघावा, शिरगणती करू नये.

सचिव : 🙏 टँकर उद्या सकाळी ७ ला येणार आहे. बी विंगच्या दारातल्या गाड्या आज रात्रीच हलवाव्यात.

सुलभाकाकू (बी-४०१) : ईशा, कापलेलं इथेच टाक. वाचू दे आम्हालाही.

ईशा : टाकते.
“आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वेळ आली तर बंदूकही चालवते. तिच्या धिटाईचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण ती धिटाई येते कुठून? ती पाटलाची लेक आहे. गावात तिच्या वाटेला कोणी जात नाही ते बापाच्या दराऱ्यामुळे. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर हीच आर्ची रडकुंडीला येते. आणि गावात ज्याने मार खाल्ला तो परश्या इथे ‘नवरा’ होतो, संशय घेतो, हात उचलतो. जात गेली, बाईपण तेवढं उरलं. ‘धडक’ने गोष्ट उदयपूरला नेली आणि जात एखाद्या वाक्यापुरती ठेवली. मग उरली बड्या घरची मुलगी आणि साध्या घरचा मुलगा. झिंगाट तेच, अजय-अतुल तेच, पण जीव कुठे गेला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.”

सुलभाकाकू : अगं, यात वाईट काय आहे?

नाना : वाईट आहे कोण म्हणतंय? भाषा चांगली आहे. पण हे समाजशास्त्र झालं. त्याचा वेगळा लेख लिही, पुढच्या वर्षी छापतो. परीक्षणात बघायचं ते कथा, पटकथा, अभिनय, तंत्र. आम्ही चाळीस वर्षं पेपरात हेच वाचत आलो.

दत्ता (सी-२०३) : नाना, माफ करा, मधी बोलतो. सैराटचं शूटिंग आमच्या करमाळ्याकडं झालंय. तुमी पटकथा म्हणताय ना, मग आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या थोबाडीत ठेवून देतो, तेवढा सीन जात बाजूला ठेवून समजावून सांगा बरं मला.

दत्ता : अजून एक. माझ्या बघण्यात तवर सिनेमात आमच्यासारखं बोलणारा म्हंजे एक तर गडी, नायतर जोकर. हितं हिरो आन हिरॉइनच तसं बोलत्यात. आमच्या आईनं थेटरात मला कोपर मारलं, म्हणली, ही तर आपल्यातलीच पोरगी हाय. आता ह्याला अभिनय म्हणायचं का तंत्र म्हणायचं, तुमी ठरवा.

महेश (ए-१०१) : झालं! आता ‘अशी ही बनवाबनवी’पण बंद करा. लक्ष्या नि सचिन साड्या नेसतात, बायकांचा अपमान 😀

ईशा : महेशकाका, बनवाबनवी मला तोंडपाठ आहे, ‘सत्तर रुपये वारले’सकट. बंद कोण करतंय? तिथे हसू येतं ते साडी सांभाळताना त्रेधा उडालेल्या पुरुषांचं. दुसऱ्या एखाद्या सिनेमात तेवढंच हसू जाड बाईचं किंवा काळ्या मुलीचं असतं. आपण कोणाला हसतोय हे परीक्षण करणाऱ्याने नाही सांगायचं तर कोणी? सेन्सॉर बोर्डाने?

महेश : बरं बरं. मी गंमत केली.

स्नेहल (सी-५०१) : काळ्या मुलीवरून आठवलं. २०१९ मध्ये ‘बाला’ आला होता. सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात काय ऐकावं लागतं, तो त्यातला एक धागा आहे. आणि त्या भूमिकेत भूमी पेडणेकरला रंग फासून काळी केली. त्याच वर्षी ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशनलाही तसंच. माझी मुलगी सावळी आहे. तिने विचारलं, आई, खरी सावळी मुलगी मिळाली नाही का त्यांना? मला काय उत्तर द्यावं सुचेना.

नाना : स्नेहल, हे मात्र मला पटत नाही. नटाचं कामच आपण नसलेलं माणूस उभं करायचं. आपला सिनेमाच तसा सुरू झाला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती कोणी केली? अण्णा साळुंके, पुरुष. ‘लंकादहन’मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच! तेव्हा कोणी विचारलं नाही, बाई का नाही म्हणून.

सुलभाकाकू : नाना, विचारलं नाही कसं? खुद्द फाळक्यांनीच विचारलं होतं. बायका शोधशोध शोधल्या, कोणी तयार होईना, तेव्हा साळुंक्यांना उभं केलं. आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई तयार झाल्या. विक्रम गोखल्यांची आजी ती. मिळाल्याबरोबर त्यांनी बाईच घेतली ना? १९१३ ला अडचण होती. २०१९ ला कसली अडचण होती ते सांगा.

स्नेहल : काकू 👏

नाना : नावावर तिकिटं खपतात, ही अडचण.

सुलभाकाकू : मग तेच परीक्षणात लिहावं की. धंद्याची अडचण आहे म्हणून लिहावं. ‘मेकअप उत्तम’ लिहून सुटू नये.

ईशा : नाना, तुमच्या शिरगणतीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूची आहे. अॅलिसन बेक्डेल नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीने १९८५ मध्ये एका कॉमिक पट्टीत गमतीत एक कसोटी मांडली. सिनेमात दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. लोक आता ती सगळ्या सिनेमांना फूटपट्टीसारखी लावतात. पण त्यात पास झालेला सिनेमा भिकार असू शकतो आणि नापास झालेला थोर. नुसत्या बायका मोजून, आडनावं मोजून लेख लिहिला तर तो मलाही कंटाळवाणा वाटतो. मी मोजलं नाहीये काही. आर्ची आधी तशी आणि नंतर अशी का वागते, एवढंच विचारलंय. ते पटकथेतच आहे.

सचिव : एमएच १२, पांढरी स्विफ्ट, बी विंगसमोर. कृपया हलवा.

महेश : माझीच. जातो.

सुनील (बी-१०४) : मी इथे सहसा लिहीत नाही. ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत लागला तेव्हा ऑफिसातले आम्ही पाच जण बघायला गेलो होतो. त्यातला शाळकरी पोरगा जब्या आणि त्याच्या घरचे डुकराच्या मागे धावत असताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, तिथे थिएटरात काही लोक हसले. नंतर मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र. आणि शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्या अंगावर येतो. बाहेर आल्यावर चहा घेताना चौघं बोलत होते, फोटोग्राफी काय आहे, त्या पोराने काम काय केलंय. सगळं खरंच होतं. पण तो दगड कोणाला मारला हे कोणी बोललं नाही. मी पण नाही बोललो. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पेपरांतली परीक्षणं काढून वाचली, कोणी तरी लिहिलं असेल म्हणून. एकात होतं. ते कात्रण अजून आहे माझ्याकडे.

(बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

दत्ता : सुनीलराव 🙏

सुलभाकाकू : सुनील, ते कात्रण दाखवाल का मला कधी? उद्या संध्याकाळी खालीच असते मी बाकावर.

सुनील : हो काकू. आणतो.

सचिव : ११ वाजत आले. हा विषय आता वैयक्तिक बोलावा ही विनंती.

नाना : सचिवसाहेब, अंक उद्या छापायला जायचा आहे, हे सोसायटीचंच काम आहे. ईशा, जागी आहेस का?

ईशा : आहे.

नाना : पणती काढली. परिच्छेद परत घेतलाय. पण त्यात एक वाक्य चूक आहे, ते तसं छापणार नाही.

ईशा : नाना, आता परत कापाकापी नको.

नाना : आधी ऐक. तू लिहिलंयस, ‘जात गेली, बाईपण तेवढं उरलं’. जात गेली कुठे? शेवटी आर्चीचा भाऊ दारात येतो. माणसं घेऊन, आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन. ती चहा टाकते. गेली असती तर हैदराबादेत घर शोधत आली असती का? गेला तो दरारा. वाक्य बदल.

ईशा : ...हो. हे माझ्या लक्षातच नाही आलं.

नाना : आणि ‘जीव कुठे गेला’नंतर ‘धडक’चा शेवट घाल. तिथे नवरा आणि मूल मरतं, मुलगी वाचते. इथे दोघंही जातात, मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं. हा फरक का केला असेल त्यावर दोन ओळी दे. दोनच. पणतीएवढीच जागा आहे.

ईशा : सकाळी देते.

नाना : सकाळी ८ च्या आत. आणि ‘झोपडपट्टी’मधला प तीनदा आलाय, तो सुधारलाय मी.

सचिव : टँकर ७ ऐवजी साडेसातला.