वायमांगूची वाफाळती दरी: तुमचे अनुभव लिहा

डोंगरदऱ्यांना सहसा जन्मतारीख नसते. न्यूझीलंडमधल्या वायमांगूच्या दरीला आहे: 10 जून 1886. त्या पहाटे तारावेरा हा ज्वालामुखी पर्वत फुटला, जमिनीला जवळपास 17 किलोमीटर लांबीची भेग पडत गेली आणि तिच्या नैर्ऋत्य टोकाला ही दरी उघडली. त्याआधी या जागी गरम पाण्याचा एकही झरा वर आलेला नव्हता. आज दिसणारं सगळं, झरे, वाफा, कुंडं आणि भोवतालचं जंगलसुद्धा, त्या दिवसानंतरचं.

जवळच्या रोटोरुआ शहरात जाणारी आपली बरीच मंडळी उंच उडणारा फवारा बघून परततात आणि ही दरी राहून जाते. मला त्याचं फार वाईट वाटतं. जे तिथे चालून आलेत त्यांनी इथे लिहावं. काय दिसलं, काय ऐकू आलं, कुणाबरोबर गेला होतात, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

मुलाकडे महिनाभर मुक्काम होता, म्हणून मला दोनदा जाता आलं. पहिल्या वेळी पायऱ्या चढून इन्फर्नो क्रेटरपाशी पोचले तर पाणी काठापासून कितीतरी खाली होतं आणि ओल्या करड्या भिंती उघड्या पडल्या होत्या. एवढं चढून हेच बघायचं होतं का, असं वाटलं. तिथल्या फलकावर वाचलं की या कुंडाची पातळी साधारण 38 दिवसांच्या चक्रात चढते आणि उतरते. मग हट्टाने तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. कुंड तुडुंब भरलं होतं. दुधात निळा रंग कालवावा तसं पाणी, आणि ते काठावरून खाली ओघळत होतं. तो निळा रंग पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाच्या, बारीक कणांमुळे येतो. गंमत अशी, की इन्फर्नो भरतं तेव्हा शेजारच्या फ्राइंग पॅन तळ्यातून वाहून जाणारं पाणी कमी होतं, आणि ते ओसरलं की तिकडचं वाढतं. जमिनीखाली दोघांचा एकमेकांशी संबंध आहे. हे कळल्यावर मी त्या दोन तळ्यांना बहिणी म्हणायला लागले.

* * *

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे जरूर वाचा. वाट सुरुवातीपासून दरीच्या तळाशी असलेल्या तळ्यापर्यंत उताराची आहे आणि परत वर यायला बस मिळते. मधल्या थांब्यांवरही बस पकडता येते, त्यामुळे झेपेल तेवढंच चालायचं. इन्फर्नोच्या पायऱ्या त्यांनी सोडल्या. गरम ओढ्याच्या काठाने मात्र सावकाश चालल्या. एका जागी थांबून बराच वेळ वाफेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं आधण कुणासाठी ठेवलंय गं?" त्यानंतर कितीतरी वेळ आमच्यात कुणी बोललं नाही. त्या आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की आधी तो ओढाच डोळ्यांपुढे येतो.

* * *

फ्राइंग पॅन तळं पाहून माझा आठवीतला मुलगा ओरडला, "बाबा, उकळतंय!" दिसतं तसंच. पण पाणी साधारण 55 अंशांचं असतं, म्हणजे उकळण्यापासून बरंच लांब. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या वायूंचे. पाणी आम्लयुक्तही आहे. म्हणून उकळत नाही म्हणजे हात घालून बघायला हरकत नाही, असं कुणी कृपा करून समजू नका! 55 अंशांचं पाणी कातडी भाजायला पुरेसं असतं. हे तळं 1917 सालच्या स्फोटात तयार झालेल्या खोलगटात साठलेलं आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या गरम झऱ्यांत त्याची गणना होते.

मुलाला रंगांचंही कोडं पडलं होतं. तांबूस-नारिंगी थर लोहाचे, पिवळा गंधकाचा, आणि ओढ्यातला हिरवा चक्क जिवंत: गरम पाण्यात वाढणारं शेवाळ. एवढ्या उष्णतेत काहीतरी सुखाने जगतंय हे त्याला पटेचना. वाफाळत्या मातीवर जमिनीलगत पसरणारं एक झुडूपही त्याला दाखवलं. त्याचं नाव कानुका. एरवी ते उंच वाढतं, पण तापलेल्या मातीत आडवं पसरतं. रात्री झोपेपर्यंत त्याचे प्रश्न संपले नव्हते.

* * *

मला त्या दरीत भीती वाटली, आणि ती वाटायलाच हवी असं माझं मत आहे. वायमांगू हा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, अर्थ काळं पाणी. 1900 ते 1904 या काळात इथे एक गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा होता, चिखल आणि दगड घेऊन शेकडो मीटर वर उसळायचा. जगात नोंदलेला सर्वांत मोठा. 1903 साली त्याच्या फार जवळ गेलेले चार जण त्यात गेले. पुढच्या वर्षी गिझर थांबला तो कायमचा. ती जागा आता झाडीने भरली आहे, पक्षी ओरडत असतात. वाचल्याशिवाय कळणारही नाही. आमच्याबरोबरचा एक गट फोटोसाठी कठडा ओलांडून पलीकडे उतरला, तेव्हा मी त्यांना हाक मारून परत बोलावलं. त्यांना राग आला. येऊ दे.

* * *

बायकांसाठी एक छोटी सूचना. चांदीची जोडवी, पैंजण मुक्कामीच काढून ठेवा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने माझी जोडवी पार काळी पडली होती. घासून निघतं, पण जीव हळहळतो.

* * *

शेवटची बोट चुकवू नका, एवढंच सांगायला आलो होतो, पण लिहायला बसलो तर हात थांबत नाही.

दरीच्या तळाशी रोतोमहाना तळं आहे. नावाचा अर्थ उबदार तळं. 1886 पूर्वी ते पुष्कळ लहान होतं आणि त्याच्या काठावर सिलिकाच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या होत्या. त्या पाहायला जगभरातून लोक बोटींनी, घोड्यांवरून यायचे. माओरी वाटाडे त्यांना घेऊन जात. एका रात्रीत ते सगळं गेलं, शंभरावर माणसं गेली, गावं राखेखाली आली. तारावेरा तळ्यावर स्फोटाच्या दहा-अकरा दिवस आधी लोकांना एक अनोळखी होडी दिसली होती, असं माओरी आणि पाहुणे दोघांनीही सांगून ठेवलंय. ते वाचून मी आदल्या दिवशी राखेतून उकरून काढलेल्या ‘ते वायरोआ’ नावाच्या गावात जाऊन आलो होतो. सोफिया हिनेरांगी या वाटाड्या बाईंच्या घरात त्या रात्री साठाहून जास्त लोकांनी आसरा घेतला आणि ते वाचले.

दुसऱ्या दिवशी बोटीतून वाफाळणारे कडे बघताना मला त्या घराचं छप्परच आठवत होतं. काळे हंस शांतपणे पोहत होते.

* * *

आम्ही जुलैत गेलो, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. सकाळी कडाक्याची थंडी, आणि थंडीत वाफ इतकी दाट दिसते की फ्राइंग पॅन तळ्याच्या काठाशी उभं राहून तळं दिसेना. नुसता आवाज, मंद सुसकाऱ्यासारखा, सगळीकडून. नवरा म्हणाला, पुढे जाऊया. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. अर्धा तास थांबलो. नेच्याच्या पानांवरून पाणी टपटपत होतं. एकदाच वारा वळला आणि पलीकडचे तांबूस सुळके मुळापासून टोकापर्यंत उघडे झाले, फटीफटीतून धूर निघावा तशी वाफ निघत होती. कॅमेरा पिशवीतून काढेपर्यंत वारा पुन्हा फिरला.